ठेका धरणारी माणसं

मार्च २०२३. संध्याकाळची डोंबिवली लोकल, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन, आणि दादाचा मेसेज: "तुझ्या मेग व्हाइटवरून तिकडे पेटलंय. बघितलंस का?"

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बेस गिटार वाजवतो. आजच्या काळातला सगळ्यात भारी रॉक ड्रमर कोण, यावर आम्ही दोघं २००९ पासून भांडतोय. लग्नाच्या पंगतीत भांडलोय, आजीच्या तेराव्याला गच्चीवर जाऊन हळू आवाजात भांडलोय. त्यामुळे मेसेजमधलं ते 'तुझ्या' मला बरोबर कळलं.

झालं असं होतं, की एका अमेरिकन पत्रकाराने लिहिलं: व्हाइट स्ट्राइप्सला जरा बरा ड्रमर मिळाला असता तर हा बँड कुठल्या कुठे गेला असता. हा डेट्रॉइटचा दोघांचाच बँड. जॅक व्हाइट गिटार वाजवून गाणार आणि मेग व्हाइट ड्रम वाजवणार, तिसरं कोणी नाही, बेससुद्धा नाही. त्या एका वाक्यावर गदारोळ उठला. द रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह तिच्या बाजूने उभा राहिला, जॅक व्हाइटने तिच्यासाठी कविता लिहिली, पत्रकाराने माफी मागितली. मी मुंब्र्यापर्यंत हे वाचत होते आणि माझे कान तापले होते. त्या माणसाचा राग आलाच. पण जास्त त्रास याचा होत होता की हेच मी स्वतः विशीत म्हटलं होतं. "काय ते, नुसतं धपधप. हे कोणीही वाजवेल."

हे म्हणणारी मी काही अनभिज्ञ नव्हते. सातव्या वर्षापासून तबला शिकत होते. गांधर्व मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत पोचले होते. पेशकार, कायदे, रेले, तिहाया, असे एकट्याने वाजवून दाखवायचे प्रकार. वर्षभर हात घासायचा तो यांच्यासाठी. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल पुन्हापुन्हा वाजवणं, ही या सगळ्याच्या मधे येणारी रिकामी जागा, अशी माझी पक्की समजूत होती. मोकळं मैदान, ज्यावर आपण काहीतरी करून दाखवायचं.

ती समजूत मोडली त्याची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच परत येतं. सोळा वर्षांची असताना क्लासच्या गुरुपौर्णिमेला मला एका मुलीच्या ख्यालाला साथ करायची होती. विलंबित एकताल. बारा मात्रा, पण एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. धिं वाजवलं की पुढच्या धिंपर्यंत इतका वेळ असतो की माणूस अस्वस्थ होतो. मला ती शांतता सोसेना. धागेच्या पुढच्या तिरकिटात मी आणखी बोल भरले, कत्‌च्या आधी एक छोटा तुकडा घातला, तूनाच्या मधे डग्ग्यावर घिस्सा काढला. हात छान चालत होता. तिसऱ्या आवर्तनात गाणाऱ्या मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. वाट शोधणाऱ्या माणसासारखी बघत होती ती. समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी पुन्हा वळली. ख्याल तिने कसाबसा आवरता घेतला. कार्यक्रम संपल्यावर सर सतरंजी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाले, "त्या जागा तिच्या होत्या."

मी त्यानंतर दोन वर्षांत तबला सोडला. कारण म्हणून बारावी सांगितली.

इंजिनीअरिंगला असताना दादाने माझ्या कानाला हेडफोन लावले आणि टूल ऐकवलं. लॉस एंजेलिसचा बँड, २००१ चा अल्बम, आणि त्यात ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळालं ते 'लॅटरॅलस'. मी सवयीने बोटांच्या पेरांवर मोजायला लागले आणि हात अडखळला. पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. नऊ. मग आठ. मग सात. पुन्हा नऊ. कोरसला चाल अशी आहे: नऊ मात्रा, आठ मात्रा, सात मात्रा. बेरीज चोवीस, म्हणजे एकतालाची बरोब्बर दोन आवर्तनं! पण आत चालताना पायाखालची पायरी प्रत्येक वेळी एकेकाने आखूड होत जाते. गाण्याचं आधीचं नाव ९-८-७ असंच होतं, आणि ९८७ हा आकडा फिबोनाचीच्या मालिकेत (जिथे प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची बेरीज) येतो, हे मला नंतर कळलं. कडव्यातले शब्दसुद्धा त्या मालिकेच्या हिशोबाने, एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अक्षरांनी उलगडतात. त्या दुपारी मला फक्त एवढंच कळलं की ज्याची मला सहा वर्षांपूर्वी लाज वाटली होती ते मोजणं, ती मात्रांची भूक, इथे लोकांना वेड लावतेय.

टूलचा ड्रमर डॅनी कॅरी त्या दिवसापासून माझा झाला. पुढे समजलं की हा माणूस आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय. २००० साली निघालेल्या टूलच्या एका संचात दत्त स्वतः त्यांच्याबरोबर तबल्यावर आहेत. कॅरीच्या ड्रमसेटला जी इलेक्ट्रॉनिक पॅड लावलेली असतात त्यांतून तो तबल्याचे बोल काढतो. २०१९ च्या अल्बममधल्या 'न्यूमा'चा, कॅमेरा फक्त त्याच्यावर ठेवलेला व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. एवढा धिप्पाड माणूस, खांदे जागचे हलत नाहीत, मनगटं सैल. तबल्याच्या क्लासात पहिल्या महिन्यात जे सांगतात तेच: खांदा झोपलेला हवा.

आमच्या भांडणाचा पहिला नियम दादाने केला: १९९० नंतर ज्याचं नाव झालं तोच धरायचा. लेड झेपलिनचा बॉनहॅम, द हूचा मून ही जुनी दैवतं बाहेर ठेवायची, नाहीतर वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो. मग त्याचा ड्रमर म्हणजे मेशुगाचा टोमास हाके. स्वीडनचा बँड. त्यांचं तंत्र ऐकायला सोपं वाटत नाही आणि समजून घेतलं की आणखी अवघड वाटतं. हात झांजेवर सरळ चार-चार मोजत राहतात, आणि त्याच वेळी पाय गिटारबरोबर कुठल्यातरी वेगळ्याच विषम लांबीच्या चक्रात फिरत असतात. दोन्ही चक्रं घसरत घसरत लांब जातात आणि काही आवर्तनांनी एका ठिकाणी येऊन भेटतात. तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तुकडा, सुटून समेवर येते तेव्हा बैठकीत जी 'वाह' निघते, ती इथे पाच हजार माणसांच्या मानेतून एकदम निघते. २००८ च्या 'ब्लीड'साठी बाकी सगळ्या गाण्यांना मिळून लागली तेवढी मेहनत लागली, असं हाकेने सांगितलंय. पायांनी, तेही सात मिनिटांच्या गाण्यात.

दादाच्या बाजूने बोलायचं तर, अवघडाचं कौतुक करण्यात मुळीच काही चूक नाही. माणसाचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या वाटांनी जाऊन पुन्हा घरी येतात, हे पाहताना छाती भरून येतेच. आणि हल्ली तर ते समोर, न कापलेल्या व्हिडिओत पाहण्याला जास्तच अर्थ आलाय. कारण रेकॉर्डिंगमध्ये आता संगणकावर प्रत्येक ठोका जाळीवर सरकवून सरळ करता येतो, स्नेअरचा, म्हणजे पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, मूळ आवाज काढून दुसरा चिकटवता येतो, आणि रॉकच्या कितीतरी अल्बममध्ये ते सर्रास होतं. त्यामुळे अल्बम ऐकून 'काय अचूक वाजवतो' म्हणायचं, तर कौतुक नेमकं कोणाचं करतोय तेच कळेनासं होतं.

पण भांडणात एक गोष्ट होते आणि ती मला दिसायला फार वर्षं लागली. जे मोजता येतं तेच हळूहळू मोठं ठरतं. मिनिटाला ठोके किती, मात्रा कितीच्या, डबल पेडल कसं. ज्याला मोजमाप नाही ते वादात तोंड उघडत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीत, मूड इंडिगो महोत्सवाला, पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा बँड आला. दादा आणि मी दुपारपासून जाऊन बसलो होतो. गॅव्हिन हॅरिसन ड्रमवर. 'मॉडर्न ड्रमर' मासिकाच्या वाचकांनी त्या सुमारास त्याला ओळीने दर वर्षी सर्वोत्तम प्रोग्रेसिव्ह ड्रमर म्हणून निवडलं होतं, आणि मी त्याला तपासायलाच गेले होते. बोटं तयार ठेवून. लयीचे भास निर्माण करणं हा त्याचा अभ्यासाचा विषय, त्यावर त्याने पुस्तकं लिहिली आहेत. म्हणजे ठोका असा अर्ध्या मात्रेने बाजूला ठेवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं लयच बदलली, आणि बँड मात्र जागच्या जागी चालू असावा.

मंचापासून आम्ही बऱ्यापैकी जवळ होतो. मला त्याचा डावा हात दिसत होता. स्नेअरवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे तो काडीचं टोक नुसतं टेकवत होता. इंचभरसुद्धा उचलत नव्हता. तसे चार-पाच हलके स्पर्श, मग एक खणखणीत, मग पुन्हा स्पर्श. डग्ग्यावर हाताचा तळवा किंचित दाबून आवाज जसा आत ओढतात तसं काहीतरी त्या काडीच्या टोकात होतं. बाजूचा मुलगा ओरडत होता, दिवे फिरत होते, आणि मी एकाच हाताकडे बघत उभी होते. गाणं संपल्यावर दादाने मला कोपराने ढोसलं, "किती होतं? पाचात होतं ना?"

मला सांगता आलं नाही. मी मोजलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या रात्री पवईच्या फाटकापाशी रिक्षाची वाट बघताना आमचं पहिलं खरं भांडण झालं आणि आजतागायत मी माझं मत बदललेलं नाही. आजचा सर्वांत मोठा रॉक ड्रमर माझ्या मते गॅव्हिन हॅरिसन. त्याच्यापेक्षा अवघड वाजवणारे आहेत, वेगवान तर पुष्कळच आहेत. पण अवघड गोष्ट गाण्याच्या आत इतकी मुरवायची की मोजणाऱ्याने मोजणं विसरावं, हे मी दुसऱ्या कोणाकडून अनुभवलेलं नाही.

तरी त्याच भांडणात, त्याच फाटकापाशी, मी मेग व्हाइटला धपधप म्हणाले. हॅरिसनचा हात दोन तासांपूर्वी पाहिलेला असूनही. सरांचं वाक्य कानात असूनही. वाक्य कळणं आणि अंगात उतरणं यांत इतकं अंतर असतं.

ड्रमसेटवर मी बसले त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. नोकरी लागून स्थिरावल्यावर, तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये. आठवड्याला एक तास. पहिल्या महिन्यात सोपं काहीतरी घ्यावं म्हणून 'सेव्हन नेशन आर्मी' घेतलं. २००३ चा अल्बम, लंडनच्या टो रॅग स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेपवर केलेला, संगणकाला हातही न लावता. म्हणजे ठोका वाकडा पडला तर तो सरळ करून घ्यायची सोयच नव्हती. गाण्यात आधी सात सुरांची ती रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, एकटी येते. मग तिच्याखाली ड्रम येतो, प्रत्येक मात्रेवर एक ठोका. बस. त्याच गाण्याची रिफ २००६ च्या विश्वचषकात इटलीचे लोक रस्त्यावर गात होते, आजही फुटबॉलच्या मैदानांवर हजारो माणसं गातात, आणि गाताना पाय आपटतात ते मेगच्याच ठोक्यावर.

मी पेडलवर पाय ठेवला आणि गाणं लावलं. आठ ठोके ठीक. सोळाव्याला मी पुढे होते. केसभर, पण पुढे. मागे आले तर जास्त मागे गेले. पाय बरोबर पडायला लागला तर आवाज सारखा येईना, एक ठोका भरीव, एक पोकळ. आणि सगळ्यात कठीण म्हणजे कडवं संपत आलं की हात शिवशिवायला लागायचे. इथे एक रोल हवा, इथे जागा भरणारा एक छोटा फिल. मेग तिथे असलं काही भरत नाही. ती धीर धरते, आवाज वाढायच्या क्षणापर्यंत सगळं हातात धरून ठेवते, आणि मग झांजा फोडते तेव्हा छप्पर उडतं. बेस नाही, दुसरा गिटारवादक नाही, लपायला काही नाही. तिने एक जागा भरली असती तर जॅकच्या गिटारीला श्वास घ्यायला वाव उरला नसता. तासाभराने मी घामाने निथळत बाहेर आले. मला विलंबित एकताल आठवत होता.

आपल्याकडे या गोष्टीसाठी शब्द आहेत, हे मला तेव्हा फार मोलाचं वाटलं. साथ. ठेका धरणं. लय सांभाळणं. जागा सोडणं. कुमार गंधर्वांच्या गाण्याबद्दल बोलणारे जाणकार वसंतराव आचरेकरांच्या तबल्याबद्दल बोलल्याशिवाय राहत नाहीत, आणि ते बोलतात तेव्हा कुठल्या तुकड्याबद्दल नाही बोलत, ठेक्याच्या वजनाबद्दल बोलतात. आपल्याकडे स्वतंत्र वादनाचा मान वेगळा आणि साथीचा मान वेगळा, एकाच्या तराजूत दुसरा तोलायचा नाही, हे बैठकीतल्या शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही माहीत असतं. रॉकच्या वादात हे दोन तराजू एक करून टाकतात, आणि मग हाकेच्या पायांशी मेगच्या पायाची तुलना होते. दादाला मी हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे डेव्ह ग्रोलला कुठे टाकायचं?"

प्रश्न रास्त होता. ग्रोल म्हणजे निर्व्हाना बँडचा ड्रमर. त्यांचा १९९१ चा अल्बम ज्या गाण्याने उघडतो, त्यातला सुरुवातीचा ड्रमचा दणका त्याने डिस्को आणि फंकच्या बँडमधून उचलला होता, हे त्यानेच सांगितलंय. नाचायच्या गाण्यातली चीज त्याने इतक्या जोराने मारली की ती कोणाला ओळखूच आली नाही. जगातल्या प्रत्येक कॉलेजच्या कँटीनमधल्या टेबलावर ती बोटांनी वाजवली गेलीय. ग्रोल दोन्ही तराजूंत बसतो, आणि त्याच्यावर आमचं भांडण होत नाही.

मेगबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती बाई आहे म्हणून हे शब्द इतके सहज निघतात, असं मला वाटतं, आणि मी हे अनुभवाने म्हणतेय. तबल्याच्या क्लासात आम्ही दोघी मुली होतो. साधं वाजवणाऱ्या मुलाला 'वजनदार हात' म्हणायचे. आम्ही तेच वाजवलं की 'अजून हात तयार व्हायचाय'. मला वाटतं, त्या गुरुपौर्णिमेला मी प्रत्येक जागा भरत सुटले त्यामागे हेही होतं. तयारी दाखवायची होती. मेग व्हाइटने ती कधी दाखवायला घेतली नाही, इतकी वर्षं, इतकं ऐकून घेऊनही. २००७ मध्ये तीव्र चिंतेच्या त्रासामुळे तिचा दौरा थांबला, २०११ मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं, आणि ती लोकांसमोर यायचीच थांबली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हाही ती आली नाही. ती बरी असावी, एवढंच मनात आलं.

त्याच्या महिनाभर आधीची बातमी मात्र मी दादाला ओरडून सांगितली होती. रश या कॅनडाच्या बँडने पुन्हा दौरा जाहीर केला होता. त्यांचा ड्रमर नील पीर्ट २०२० च्या जानेवारीत गेला. आमच्या १९९० च्या नियमात तो बसत नाही, पण त्याच्याशिवाय हा वाद कोणी करूच शकत नाही. त्याची एक गोष्ट मला त्याच्या कुठल्याही सोलोपेक्षा जवळची आहे. जग ज्याला सर्वश्रेष्ठ म्हणत होतं तो हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर फ्रेडी ग्रूबर नावाच्या वयस्कर गुरूकडे शिष्य म्हणून जाऊन बसला. काडी धरायची पद्धत बदलली, बसायची बदलली, पुन्हा पहिल्यापासून हात बसवला. आणि आता त्याच्या जागेवर बसणार म्हणून बँडने निवडली ती जर्मनीची अनिका निलेस. गिटारवादक जेफ बेकबरोबर दौरा केलेली, ठोक्यांच्या आत आणखी ठोके रचण्यात तरबेज. तिच्या निवडीवर लोक काय काय बोलले ते मी वाचलं नाही. पहिल्यांदाच ठरवून वाचलं नाही.

डिसेंबरात दादा डोंबिवलीला आला होता. रविवारी सकाळचा तास घेतला. त्याने बेस जोडला, तारा जुळवल्या, आणि मला न विचारताच तीच सात सुरांची रिफ सुरू केली. मी पेडलवर पाय ठेवला. एक, एक, एक, एक. खोलीतला पंखा बंद होता, फक्त तेवढाच आवाज. पहिलं कडवं गेलं. दुसरं संपत आलं आणि हात शिवशिवले, अगदी सोळाव्या वर्षी शिवशिवले होते तसेच. काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या. पाय चालू.

दादा भिंतीकडे तोंड करून वाजवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.